पहिलं प्रिंटिंग मशीन: दहा फुटी जुनं घ्यावं की पाच फुटी नवं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात म्हापशाजवळ रेडियम कटिंगचं आणि बोर्डांचं दुकान आहे, दोन फुटी कटिंग प्लॉटर हाताशी आहे, प्रिंटिंग मात्र सगळं जॉबवर्कवर (पैसे देऊन बाहेरच्या प्रेसमध्ये) जातं. सगळी मिळून १२ लाखांची तयारी आहे. एका डीलरकडे कोनिका ५१२आय हेडचं (हेड म्हणजे शाई फवारणारा भाग) वापरलेलं दहा फुटी फ्लेक्स मशीन आहे, दुसरा एक्सपी६०० हेडचं नवं पाच फुटी इको-सॉल्व्हेंट (सौम्य सॉल्व्हेंटच्या शाईचं) मशीन देतो आहे. दुकान तळमजल्यावर, जुन्या चिऱ्याच्या घरात, कौलांखाली. समुद्र दीड-दोन किलोमीटरवर. यातलं कुठलं घ्यावं?

उत्तर आधीच सांगून टाकतो. दहा फुटी नको. पाच फुटी घ्या, पण दुसऱ्या हेडचं. आणि १२ लाखांतले साठ टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मशीनवर घालू नका. मुळात आत्ता मशीन घ्यावं की नाही, हे मात्र तुमच्या जॉबवर्कच्या बिलांवर ठरेल, आणि ती किती होतात ते तुम्ही लिहिलेलं नाही.

म्हणून पहिलं काम कागदावरचं. गेल्या बारा महिन्यांची जॉबवर्कची बिलं काढा. बाराच हवीत, कारण आपल्याकडे ऑक्टोबर ते मे एक धंदा असतो आणि जून ते सप्टेंबर दुसराच. फ्लेक्स एका बाजूला, व्हिनाइल (चिकट प्लास्टिक फिल्म), वन वे व्हिजन (काचेवरची बारीक छिद्रांची फिल्म), फ्रॉस्टेड (दुधी काचेसारखी फिल्म) दुसऱ्या बाजूला, असे चौरस फूट मांडा. आता नमुन्याचे आकडे घेऊ, तुमचे तुम्ही घाला. ८ लाखांचं कर्ज, १२ टक्के व्याज, चार वर्षं: हप्ता सुमारे २१,००० रुपये. ऑपरेटर १८,०००, वीज ६,०००, हेड आणि देखभालीसाठी बाजूला ठेवायचे ८,०००. झाले महिन्याला ५३,०००. जॉबवर्कला व्हिनाइल फुटामागे २२ रुपये पडतं आणि स्वतः छापलं तर माल, शाई, वाया जाणारा भाग धरून १२ रुपये, असं धरलं तर फुटामागे १० वाचतात. म्हणजे महिन्याला ५,३०० चौरस फूट छापलं तेव्हा कुठे बरोबरी होते. २५ दिवसांत वाटलं तर चार फुटी रोल रोज ५३ फूट चालायला हवा. मशीन तुम्ही स्वतः चालवणार असाल तर ३,५०० फुटांवर भागतं.

शाईचा खर्च लोक उगाच फुगवून किंवा उगाच कमी धरतात. इको-सॉल्व्हेंटला साधारण ८ ते १२ मिली प्रति चौरस मीटर लागते, म्हणजे फुटाला जेमतेम एक मिली. खरा खर्च शाईचा नसतो, वाया गेलेल्या मालाचा असतो. तो पहिले तीन महिने १५ टक्के धरा, नंतर ७-८ वर आला पाहिजे. बिलांवरून निघणारा आकडा या बरोबरीच्या निम्म्यावरही जात नसेल तर अजून वर्षभर जॉबवर्कच चालू ठेवा आणि त्या पैशात चार फुटी प्लॉटर आणि लॅमिनेशन मशीन घ्या. त्याने नवं काम येईल, कर्ज येणार नाही.

आता दहा फुटी का नको. फ्लेक्सचं काम गोव्यात लाटेसारखं येतं: चवथ, जत्रा, फेस्त, निवडणूक. लाटेत म्हापसा-मडगावचे मोठे प्रेस रात्रपाळी करून ते काढतात आणि दरही पाडतात. मधल्या दिवसांत दहा फुटी मशीन उभं राहतं, आणि उभं राहिलेलं सॉल्व्हेंट मशीन हेड खातं. शिवाय ३.२ मीटर छपाईच्या मशीनची स्वतःची लांबी पंधरा फुटांच्या आसपास, वर दोन्ही बाजूंना माणूस फिरेल अशी जागा. सॉल्व्हेंटचा वास वस्तीतल्या घरात महिनाभरही कोणी खपवून घेणार नाही.

साइनबोर्डवाल्याचं रोजचं काम बघा: एसीपीवर (अॅल्युमिनियमच्या थरांच्या शीटवर) व्हिनाइल, सनबोर्ड (फोमची कडक शीट), मेन्यूबोर्ड, हॉटेलच्या काचेला फ्रॉस्टेड, टॅक्सीच्या मागच्या काचेला वन वे व्हिजन, बारचा ग्लो साइन. एसीपी आणि सनबोर्डची शीट आठ बाय चार, व्हिनाइलचा रोल तीन, चार, फार तर पाच फुटी. १.६ मीटरच्या मशीनमध्ये हे सगळं बसतं. त्याहून रुंद लागलं तर जोड द्या किंवा तेवढं बाहेरून करून घ्या. फ्लेक्स जॉबवर्कवर चालूच राहू द्या, त्या प्रेसशी संबंध तोडायची काही गरज नाही. तुमचं मशीन बंद पडेल त्या दिवशी तेच कामाला येतील.

लेटेक्स मशीनचा (पाण्याच्या आधाराची, उष्णतेने सुकणारी शाई) विचार करायला हरकत नाही, त्याला वास नसतो आणि छापल्या छापल्या लॅमिनेट करता येतं, पण वीज जास्त खातं आणि या बजेटमध्ये नवं बसवणं ओढाताणीचं होईल. यूव्ही फ्लॅटबेड (सपाट शीटवर थेट छापणारं) हे दुसरं किंवा तिसरं मशीन असतं, पहिलं नव्हे.

हेडबद्दल. एक्सपी६०० हे मुळात एप्सनच्या टेबलावरच्या प्रिंटरचं हेड, १,०८० नोझलचं (नोझल म्हणजे शाईचं बारीक छिद्र). स्वस्त आहे, बदलायला सोपं आहे, आणि वारंवार बदलावंही लागतं. रोजचं काम शे-दीडशे फुटांच्या पुढे गेलं की ते पुरत नाही, कारण नोझल कमी असल्याने चांगल्या छपाईला पास (एकाच पट्ट्यावरून हेडच्या फेऱ्या) वाढवावे लागतात आणि वेग अर्ध्यावर येतो. त्याऐवजी एप्सनचंच आय३२०० बघा, त्यात ३,२०० नोझल आहेत. चारदोन बंद पडले तरी पासमध्ये झाकले जातात, आणि सहा पासला मिळणारी छपाई डोळ्यांजवळच्या मेन्यूबोर्डालाही चालते. एक हेड पुरेल, दुसरं बसवायची जागा कॅरेजवर (हेड वाहून नेणाऱ्या गाड्यावर) असू द्या. मात्र हेडच्या नावापुढची खूण वाचा: इको-सॉल्व्हेंटला ई१ लागतं. ए१ पाण्याच्या शाईसाठी असतं, दिसायला तसंच, आणि सॉल्व्हेंटमध्ये त्याचा चिकट जोड टिकत नाही. डीलर मशीनचा वेग सांगतो तो कमीत कमी पासचा. विकण्याजोग्या छपाईला त्याच्या निम्मा धरून हिशेब करा.

वापरलेलं जपानी पाच फुटी मिळालं तर ते मी वाईट म्हणणार नाही, पण बघायची रीत आहे. नोझल चेक (सगळी नोझल चालतात का ते दाखवणारा रेघांचा नमुना) सगळेच दाखवतात, कारण आदल्या रात्री साफसफाई केलेली असते. तुम्ही प्रत्येक रंगाचा शंभर टक्के भरीव पट्टा अर्धा तास सलग छापायला लावा आणि मग लगेच नोझल चेक घ्या. सुरुवातीला पूर्ण आणि नंतर तुटक येत असेल तर डॅम्पर (हेडच्या आधीची शाईची छोटी डबी), नळ्या किंवा पंपाचं दुखणं आहे, ते पैशात सुटतं. सुरुवातीपासून त्याच त्याच जागी रेघा गायब किंवा वाकड्या असतील तर हेड संपत आलं आहे, आणि हेडची किंमत सौद्यातून वजा झाली पाहिजे. कॅरेज हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. कुठे अडत असेल तर रेल किंवा बेअरिंग. शेवटी हेडच्या पट्टीकेबलची टोकं बघा. समुद्राजवळच्या दुकानातून आलेल्या मशीनला तिथे हिरवट थर असतो, आणि मग तोच बोर्डवरही असणार.

आता खोली, कारण गोव्यात मशीनला हवाच मारते. इको-सॉल्व्हेंटला २२ ते २८ अंश आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता हवी. जुलैत आपल्याकडे बाहेर ८५-९० टक्के असते. व्हिनाइलच्या मागचा कागद ओल शोषून फुगतो, कडा लाटेसारख्या उठतात आणि हेड त्यांना घासतं. हेड जाण्याचं पावसाळ्यातलं हेच मोठं कारण. लोक म्हणतात एसी लावला आहे. एसी उन्हाळ्यात ओल ओढतो, पण पावसात बाहेरच २६ अंश असले की थर्मोस्टॅट गाठून कॉम्प्रेसर बंद होतो आणि ओल खोलीतच राहते. म्हणून एसीबरोबर डीह्युमिडिफायर लागतोच. १२ बाय १५ च्या बंद खोलीला दिवसाला ३० लिटरच्या वर्गाचा पुरतो, त्याची नळी थेट बाहेर काढा, नाहीतर बादली भरली की तो रात्री बंद पडतो. भिंतीवर एक साधा हायग्रोमीटर टांगा आणि ६५ च्या वर काटा असताना छापू नका.

कौलांखाली उघडं मशीन ठेवू नका. कौलातून धूळ आणि ओल दोन्ही येतात, एसीचा उपयोग शून्य. आधी फॉल्स सीलिंग, खिडकीच्या फटी बंद, चिऱ्याच्या भिंतीपासून मशीन तीन फूट लांब. मशीन स्वतः साधारण नऊ फूट लांब असतं, मागे रोल चढवायला आणि पुढे छापलेला माल उतरवायला जागा धरली तर १२ बाय १५ ही कमीत कमी खोली. एक्झॉस्ट हवाच, इको म्हणजे निरुपद्रवी नव्हे, पण तो दिवसभर चालवला तर बाहेरची ओली हवा आत खेचतो. छापताना आणि नंतर पंधरा मिनिटं चालवा, आणि तो पुढच्या हीटरच्या बाजूला असू द्या.

मार्च-एप्रिलमध्ये त्रास वेगळा. तांबड्या मातीची धूळ एन्कोडर पट्टीवर (कॅरेजची जागा मोजणाऱ्या पट्टीवर) बसते आणि कॅरेज मध्येच झटका देतं किंवा अक्षरं सरकतात. पट्टी धूळ न सोडणाऱ्या कोरड्या कापडाने हलक्या हाताने पुसा. तिला सॉल्व्हेंट लावलं तर तिच्यावरच्या रेषाच उतरतात.

अर्थिंगवर पैसे वाचवू नका. चिऱ्याची जमीन पाणी धरत नाही, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मशीनला स्वतंत्र केमिकल अर्थिंग करा आणि मशीन चालू असताना न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजा. दोन व्होल्टच्या आत असलं पाहिजे. त्यापेक्षा जास्त असताना डीलरचा इंजिनियर मशीन सुरू करून देत असेल तर त्याला थांबवा, कारण बोर्ड गेल्यावर वॉरंटीत पहिला प्रश्न हाच विचारला जातो. ऑनलाइन यूपीएस कॅरेज आणि कॉम्प्युटरसाठी. हीटरची वायर बहुतेक मशीनना वेगळी असते, ती सरळ लाइनवर ठेवा म्हणजे यूपीएस लहान चालतो. यूपीएसचं काम छपाई चालू ठेवणं नाही, वीज गेली की हेड परत कॅपवर (हेड झाकून ओलं ठेवणाऱ्या टोपीवर) नेऊन बसवणं एवढंच आहे. पावसातल्या खंडित विजेत हेड तासभर उघडं राहिलं तर ते सुकतं.

माल आणि सेटिंगमध्ये सगळ्यात जास्त पैसा वाया जातो, म्हणून यावर थोडं थांबतो. रोल आल्या आल्या लावू नका, एक दिवस त्याच खोलीत पिशवीत उभा राहू द्या. वापरून झाला की परत पिशवीत, जमिनीवर कधीच नाही. हीटर सुरुवातीला मागचा ३५, मधला ३८-४०, पुढचा ४५ अंश, मग गरजेप्रमाणे दोन-दोन अंशांनी वर. जास्त उष्णतेनेही कागद फुगतो आणि हेड घासतं, त्यामुळे शाई सुकत नाही म्हणून आंधळेपणाने तापमान चढवू नका, पास वाढवा. प्रत्येक मालाचं फीड (माल पुढे सरकण्याचं माप) वेगळं कॅलिब्रेट करायचं असतं: आडव्या पांढऱ्या बारीक रेघा म्हणजे फीड जास्त, गडद रेघा म्हणजे कमी. अक्षरांच्या उभ्या कडा दुहेरी दिसल्या तर तो फीडचा दोष नव्हे, दुतर्फा छपाईचं अलाइनमेंट बघा.

रिपमध्ये (फाइल मशीनसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एकूण शाईची मर्यादा ४०० टक्क्यांवर मोकळी सोडलेली असते, ती २४०-२६० पर्यंत आणा. जादा शाईतलं सॉल्व्हेंट व्हिनाइलमधून झिरपून खालचा गोंद मऊ करतं. बोर्ड लावल्यावर आठवड्यात कडा गोल होऊन उठतात त्या यामुळे, गिऱ्हाईक मात्र पेस्टिंगला दोष देतं. याच कारणाने छापल्यावर लगेच लॅमिनेशन करायचं नाही. उन्हाळ्यात २४ तास, पावसाळ्यात ४८ तास, आणि तेही घट्ट गुंडाळून नव्हे, सैल टांगून, म्हणजे सॉल्व्हेंट बाहेर पडायला हवा मिळते. गिऱ्हाइकाला तारीख देताना हे दिवस धरूनच द्या. लॅमिनेशन मशीन शक्यतो वरचा रोलर कोमट होणारं घ्या. थंड रोलरने पावसात चंदेरी ठिपके राहतात.

बाहेरच्या, पश्चिमेकडे तोंड असलेल्या बोर्डांना साधं मोनोमेरिक व्हिनाइल लावून तीन वर्षांची हमी देऊ नका. ते आकसतं. दर वेगळा लावा आणि पॉलिमेरिक वापरा, वर यूव्ही लॅमिनेशन. शॅकवाल्याला सात-आठ महिन्यांचा हंगाम काढायचा असतो, त्याला मोनोमेरिक पुष्कळ झालं.

फाइलबद्दल दोनच गोष्टी. दहा बाय चार फुटांचा बोर्ड १५० डीपीआयला सीएमवायकेमध्ये ५०० एमबीच्या पुढे जातो, १०० ला २३० एमबी. रस्त्यावरून वाचायच्या बोर्डाला १०० पुरतात, ३०० चा हट्ट फक्त मशीन अडवतो. आणि मराठी-कोंकणी मजकूर कर्व्हमध्ये (अक्षरांच्या आकृत्यांमध्ये) बदलल्याशिवाय रिपला देऊ नका. जुन्या कोरलड्रॉमध्ये युनिकोडची जोडाक्षरं तुटतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो, आणि ते लक्षात येतं बोर्ड लागल्यावर.

रोजचं काम वीस मिनिटांचं आहे. सकाळी नोझल चेक, गरज असेल तरच क्लीनिंग (उगाच क्लीनिंग म्हणजे शाई गटारात). संध्याकाळी वायपर आणि कॅपची कड क्लीनिंग सोल्युशनच्या काडीने पुसायची. काम नसेल त्या दिवशीही चारही रंगांचा एकेक भरीव पट्टा छापायचा, जुलै-ऑगस्टमध्ये तर नेमाने. चवथीला दुकान चार-पाच दिवस बंद राहणार असेल तर कॅप सोल्युशनने काठोकाठ भरून हेड त्यावर बसवा, मशीनची मुख्य वीज बंद करा, डीह्युमिडिफायर मात्र चालू ठेवा. शाई एकाच कंपनीची, डब्यावरची तारीख बघून. स्वस्त मिळाली म्हणून दुसरी त्यात मिसळली तर नळ्यांत गाळ धरतो.

कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे, जॉबवर्कचा फ्लेक्स घेतानाही बिलावर जाडी लिहून घ्या. विधानसभा-लोकसभेच्या प्रचाराच्या छपाईवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता टाकणं लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७अ प्रमाणे बंधनकारक आहे, आणि प्रकाशकाकडून सहीचं घोषणापत्र घेणं ही मुद्रकाची जबाबदारी. गर्दीत हेच राहून जातं. होर्डिंगची पंचायतीची किंवा पालिकेची परवानगी गिऱ्हाइकाने आणायची, असं कोटेशनवर छापून टाका.

कर्जासाठी बँकेत जाण्याआधी पीएमईजीपीची (केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेची) चौकशी करा. सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान आहे, विशेष गटांना त्याहून दहा टक्के जास्त. पण ते नव्या उद्योगाला मिळतं, तेव्हा चालू दुकानाच्या नावावर बसतं का, ते आधी विचारा. राज्याची मुख्यमंत्री रोजगार योजना ईडीसीकडून (गोवा सरकारच्या वित्तीय महामंडळाकडून) चालते, तिथेही एक फेरी मारा.

डीलरशी बोलताना किंमत शेवटी. आधी विचारा, इंजिनियर कुठे राहतो. बेळगाव-कोल्हापूरचा असेल तर दुसऱ्या दिवशी येतो, मुंबईचा असेल तर चार दिवस धरा, आणि ते चार दिवस मशीन उघडं पडलेलं असतं. तेच मशीन, तेच हेड वापरणारी गोव्यातली दोन दुकानं त्याच्याकडून मागून घ्या आणि तिथे त्याच्याशिवाय जा. अडीअडचणीला एक डॅम्पर उसना मिळेल असा शेजारी असणं हे वॉरंटीच्या कागदापेक्षा जास्त उपयोगी पडतं. सौद्यात सहा डॅम्पर, दोन कॅप, चार वायपर, एक पंप आणि पट्टीकेबलचा एक जोड घालून घ्या. प्रशिक्षण तीन दिवसांचं, तुमच्या फाइलींवर. दहा टक्के रक्कम हातात ठेवा आणि ती कधी द्यायची ते कोटेशनवर लिहून घ्या: तुमच्याच खोलीत, तुमच्याच मालावर ३०० चौरस फूट सलग, बँडिंगशिवाय (आडव्या पट्ट्या न दिसता) छापून दाखवल्यावर.